दगडी क्लॅडिंगचे थर कोपऱ्यावर जुळत नाहीत (स्केचअप आणि ल्युमियन)

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार मंडळी. विश्रामबागेतील एका दुमजली बंगल्याच्या एलिव्हेशनचे (दर्शनी देखाव्याचे) काम सध्या माझ्याकडे आहे. दर्शनी भिंतींना काळ्या पाषाणाचे घडीव क्लॅडिंग (भिंतीवर बसवायचे दगडी आवरण), पहिल्या मजल्यावर बाल्कनीची गोलाकार भिंत आणि मागच्या अंगणात शहाबादी फरशी, असे त्याचे स्वरूप आहे. त्रिमितीय मॉडेल स्केचअपमध्ये तयार आहे आणि रेंडर, म्हणजे त्याचे खरे भासणारे चित्र, ल्युमियनमध्ये काढायचे आहे.

मापे बरोबर आहेत, परंतु टेक्स्चर (पृष्ठभागावर पुन्हा पुन्हा मांडले जाणारे दगडाचे चित्र) कुठेच एकमेकांशी जुळत नाही. दर्शनी भिंत आणि पोर्चची भिंत जिथे काटकोनात मिळतात तिथे एका बाजूचे थर दुसऱ्या बाजूच्या थरांपेक्षा सुमारे 80 मिमी वर दिसतात. गोलाकार भिंतीच्या प्रत्येक उभ्या पट्टीवर दगड नव्याने सुरू होतो. मागचा भाग प्लॉटच्या हद्दीला धरून 30 अंशांत वळवलेला आहे. तिथली फरशी भिंतीला समांतर न राहता तिरपी धावते. हे सारे कमी म्हणून की काय, ल्युमियनच्या लायब्ररीतील दगड लावला की थरांची उंचीच बदलते.

मालक हे चित्र छापून साइटवर लावणार आहेत आणि ठेकेदार त्यावरूनच थर मोजणार आहेत, त्यामुळे केवळ देखणे चित्र पुरेसे नाही. कोठून सुरुवात करावी, ते जाणकारांनी सांगावे.


उभाआडवा, कराड

कोपऱ्यावर एक चाफ्याचे झाड उभे करा आणि निश्चिंत व्हा. निम्म्या एलिव्हेशनची अब्रू झाडांनीच राखलेली असते.


जांभादगड, सातारा

झाडाचा उपाय पोर्चच्या कोपऱ्यापुरता चालेल, परंतु ठेकेदार थर मोजणार असतील तर तो चालणार नाही. कृष्णाकाठ, टेक्स्चर सरकवायला लागण्यापूर्वी तीन गोष्टी कळवाव्यात. मटेरियल (रंग किंवा टेक्स्चर) ग्रुपवर, म्हणजे एकत्र बांधलेल्या संचावर, बाहेरून ओतलेले आहे की ग्रुप उघडून आतील फेसवर (सुट्या पृष्ठभागावर) लावलेले आहे? दर्शनी भिंत आणि पोर्चची भिंत हे वेगवेगळे ग्रुप आहेत काय, आणि असल्यास प्रत्येकाचा तळ जमिनीपासून किती उंचीवर आहे? आणि स्केचअपमधील दगडाच्या चित्रात एकूण किती थर आहेत व त्या चित्राला आपण कोणते माप दिले आहे?


कृष्णाकाठ, सांगली

मटेरियल ग्रुपवर बाहेरून लावले आहे. भिंती वेगवेगळ्या ग्रुपमध्ये आहेत. दर्शनी भिंतीचा तळ शून्य पातळीवर आहे. पोर्चची भिंत पायरीच्या कट्ट्यावर उभी असल्याने तिचा तळ 230 मिमीवर आहे. चित्रात दहा थर आहेत आणि माप 1500 बाय 1500 मिमी दिले आहे, म्हणजे एक थर 150 मिमीचा होतो.


जांभादगड, सातारा

मग 80 मिमीचे कोडे इथेच सुटले. 230 मधून एक पूर्ण थर, म्हणजे 150, वजा केल्यास 80 उरतात.

स्केचअप एखाद्या फेसवर टेक्स्चर मांडते तेव्हा त्या फेसच्या कडेपासून मोजत नाही; तो फेस ज्या ग्रुपमध्ये आहे त्या ग्रुपच्या अक्षांच्या आरंभबिंदूपासून मोजते. ग्रुप तयार करताना हा आरंभबिंदू त्याच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यावर बसतो. त्यामुळे एकाच ग्रुपमधील सगळ्या उभ्या भिंतींवर थरांची उंची आपोआप सारखी राहते, कारण सर्वांची मोजणी एकाच तळापासून सुरू होते. परंतु दुसऱ्या ग्रुपचा तळ वेगळ्या उंचीवर असला की तिथली मोजणीही तिथूनच सुरू होते आणि दोन तळांतील फरकातून पूर्ण थर वगळल्यावर जो अंश उरतो, तेवढीच पायरी कोपऱ्यावर दिसते. आपला कट्टा 300 मिमीचा असता तर थर योगायोगाने जुळले असते आणि हा दोष पुढच्या कामापर्यंत झाकून राहिला असता.

म्हणून प्रत्येक भिंत सुटी धरून टेक्स्चर ओढत बसू नये. क्लॅडिंग असलेल्या सर्व भिंतींचे बाहेरचे फेस एका ग्रुपमध्ये आणावेत. मी स्वतः क्लॅडिंगची 40 मिमी जाडीची वेगळी कातडीच काढतो, कारण प्रत्यक्षात दगड आणि मागचा मसाला मिळून साधारण तेवढी जाडी होते आणि खिडकीच्या बगलेत ती दिसायलाही हवी. सध्याचे ग्रुप एक्स्प्लोड करणार, म्हणजे फोडून सुटे करणार, असाल तर आधी मटेरियल काढून डिफॉल्ट करावे, मग एक्स्प्लोड करावे आणि एकत्र ग्रुप झाल्यावर तो उघडून फेसवर दगड पुन्हा ओतावा. नाहीतर जुनी मांडणी तशीच सोबत येते.

फेसवरच ओतावा, असे मुद्दाम म्हणतो. ग्रुपवर बाहेरून ओतलेल्या मटेरियलचा फेस आतून डिफॉल्टच राहतो. त्यामुळे त्यावर राइट क्लिक केल्यास 'टेक्स्चर' हा पर्यायच येत नाही आणि 'पोझिशन'च्या, म्हणजे चित्र सरकवण्या-फिरवण्याच्या, पिना हाताशी लागत नाहीत. नवख्या मुलांचा निम्मा दिवस तो पर्याय शोधण्यात जातो.

150 मिमीचा थर निवडला आहे, तो उत्तमच आहे. आरंभबिंदू जोत्याच्या माथ्यावर, म्हणजे तयार फरशीच्या पातळीवर, धरला तर खिडकीचा 900 मिमीवरील तळ बरोबर सहा थरांवर येतो आणि 2100 मिमीवरील लिंटेल (खिडकीवरची तुळई) चौदा थरांवर. चौकटीच्या वर-खाली दगडाची चिंधी कापावी लागत नाही. इथे गवंड्याचाही फायदा आहे.


कृष्णाकाठ, सांगली

एकत्र ग्रुप करून पाहिला. थर चारही बाजूंनी एका रेषेत आले आहेत, मनःपूर्वक आभार. उभे सांधे मात्र कोपऱ्यावर अजून तुटतात आणि गोलाकार भिंत जशीच्या तशी आहे. गोलाकार भागासाठी 'प्रोजेक्टेड' वापरावे, असे एका व्हिडिओत पाहिले. तसे केल्यावर मधला भाग सुरेख झाला आणि बाजूचे दगड रबरासारखे ताणले गेले.


रेघोटी, वाई

'प्रोजेक्टेड' ही सोय सिनेमाच्या पडद्यासारखी काम करते: चित्र एका दिशेने सरळ फेकले जाते. पृष्ठभाग त्या दिशेकडे तोंड करून असेल तिथे चित्र खरे दिसते, आणि जसजसा तो वळतो तसतसे ते लांबत जाते. 60 अंशांनी वळलेल्या पट्टीवर दगड नेमका दुप्पट लांब दिसतो. चढउताराच्या जमिनीवर वरून घेतलेले छायाचित्र बसवायचे असेल तर ही पद्धत योग्य आहे. खांबाला किंवा गोल भिंतीला ती लावू नये. व्हिडिओवाले दोन्हींना सरसकट 'गोल पृष्ठभाग' म्हणतात आणि घोळ तिथे होतो.

आपल्या भिंतीसाठी 'प्रोजेक्टेड'ची खूण काढून टाकावी. 'व्ह्यू' मेनूतून हिडन जॉमेट्री (लपलेल्या कडा दाखवणे) चालू केली की गोल भिंतीच्या उभ्या पट्ट्या वेगळ्या निवडता येतात. पहिली पट्टी सपाट भिंतीला लागून असते. सपाट भिंतीवरचे टेक्स्चर आधी पोझिशनने पक्के करावे, पेंट बकेट हाती असताना ऑल्ट दाबून तिथूनच नमुना घ्यावा आणि पहिल्या पट्टीवर क्लिक करावे. टेक्स्चर कड ओलांडून पुढे चालू राहते. मग नमुना पहिल्या पट्टीवरून घ्यायचा आणि दुसरीवर ओतायचा, दुसरीवरून घेऊन तिसरीवर, असे शेवटपर्यंत. नमुना प्रत्येक वेळी शेजारच्याच पट्टीवरून घ्यायचा आहे. सगळ्या पट्ट्यांना पहिल्या पट्टीचाच नमुना वापरला तर सांधे पुन्हा तुटतात. काटकोनी कोपऱ्यावरचे उभे सांधेही याच रीतीने वळवता येतात.

बाल्कनीची त्रिज्या किती आहे?


कृष्णाकाठ, सांगली

त्रिज्या 1.2 मीटर, पाव वर्तुळ, सहा पट्ट्या.


रेघोटी, वाई

मग कंसाची खरी लांबी सुमारे 1885 मिमी होते आणि सहा सरळ पट्ट्यांची मिळून सुमारे 1880 मिमी. पाच मिलिमीटरांचा फरक दरजेत, म्हणजे दगडांमधल्या फटीत, जिरून जाईल, चिंता नसावी. मात्र जवळून काढायचे दृश्य असेल तर पट्ट्या बारा कराव्यात, आणि त्या टेक्स्चर लावण्यापूर्वीच कराव्यात. नंतर पट्ट्या बदलल्या तर हे सगळे ओतकाम पुन्हा करावे लागते.


माणदेशी, आटपाडी

एवढी यातायात कशासाठी करायची, हे मला खरोखर कळत नाही. आजकाल प्रत्येक रेंडररमध्ये बॉक्स किंवा ट्रायप्लेनर प्रोजेक्शन (चित्र तिन्ही अक्षांच्या दिशांनी आपोआप फेकण्याची सोय) आहे. मॉडेलमध्ये नुसते रंग द्यावेत, रेंडररमध्ये दगड लावावा, स्केलची पट्टी ओढावी, काम संपले. थर सगळीकडे एकाच पातळीवर येतात, कारण मोजणी संपूर्ण जगाच्या अक्षांवरून होते आणि ग्रुपचा प्रश्नच उरत नाही.


जांभादगड, सातारा

माणदेशी, आपली पद्धत सरळ काटकोनी इमारतीला लागू आहे आणि तिथे मीही ती वापरतो. प्लास्टर, काँक्रीट, मुरूम, हिरवळ अशा ज्या पृष्ठभागांना सांधेच नाहीत त्यांच्यासाठी तर ट्रायप्लेनरसारखे सुख नाही. परंतु या बंगल्याचा मागचा भाग 30 अंशांत वळलेला आहे. जगाच्या अक्षांवरून बॉक्स पद्धतीने फेकलेले चित्र त्या भिंतीवर तिरपे पडते आणि 600 मिमीचा दगड जवळपास 693 मिमी लांब दिसतो. उंची बरोबर, लांबी चूक; त्यामुळे डोळ्याला खटकते, पण काय खटकते ते चटकन सांगता येत नाही. गोल बाल्कनीवर तर दोन दिशांची चित्रे मध्यावर एकमेकांत मिसळतात आणि तिथे दगड धूसर होतो.

कृष्णाकाठ यांची ल्युमियनमधील तक्रारही इथेच येते. ल्युमियन आपल्या लायब्ररीतील मटेरियल स्वतःच्या मांडणीने लावते. मटेरियलमधील स्केलची पट्टी पूर्ण शून्यावर आणली की ते मॉडेलसोबत आलेले यूव्ही (चित्र फेसवर कुठे बसते त्याची नोंद) वापरू लागते, म्हणजे आपण स्केचअपमध्ये केलेली सगळी जुळवणी परत मिळते. त्यासाठी स्केचअपमध्ये त्या फेसवर टेक्स्चर असलेले मटेरियल आधीच लावलेले हवे, नुसता रंग नको.

यात एक खाच आहे. शून्यावर आणल्यावर ल्युमियनचे चित्र आपल्या 1500 मिमीच्या चौकटीत बसते. लायब्ररीतील चित्रात दहाऐवजी आठ थर असतील, तर प्रत्येक थर 187.5 मिमीचा होणार आणि खिडकीचे गणित पुन्हा बिघडणार. त्यामुळे लायब्ररीतील चित्राचे थर मोजावेत आणि त्याप्रमाणे स्केचअपमधील माप बदलावे; आठ थरांना 1200 मिमी. रुंदीकडेही लक्ष ठेवावे, कारण उंची-रुंदीमधली साखळी तोडून फक्त उंची बदलली तर दगड चपटे होतात. याहून सोपे म्हणजे लायब्ररीचा मोह सोडून स्वतःचेच चित्र दोन्हीकडे वापरणे.


माणदेशी, आटपाडी

30 अंशांचा मुद्दा मान्य आहे. सांधे नसलेल्या पृष्ठभागांबाबत माझे मत मात्र कायम आहे.


कृष्णाकाठ, सांगली

स्केल शून्यावर आणताच चित्र पालटले. आता मागच्या अंगणातील शहाबादीचे तेवढे सांगावे. पोझिशनमध्ये हिरवी पिन ओढून फिरवली, तर फरशी फिरली पण 600 ऐवजी 570 च्या आसपास झाली.


रेघोटी, वाई

हिरवी पिन फिरवण्याचे आणि लहानमोठे करण्याचे काम एकत्रच करते. ओढताना जो तुटक रेषेचा कंस दिसतो त्यावरूनच पिन न्यावी. कंसावर असेपर्यंत माप बदलत नाही. लाल पिन आधी फरशी जिथून सुरू होणार त्या कोपऱ्यावर आणून ठेवावी, कारण फिरणे तिच्याभोवती होते. निळी आणि पिवळी पिन इथे मुळीच हलवू नये. निळीने चित्र तिरके होते आणि पिवळीने पर्स्पेक्टिव्ह बिघडते. जुन्या वाड्याचे तिरकस छायाचित्र सरळ करायचे असेल तेव्हा पिवळी कामाला येते.

पुढच्या वेळी मागच्या भागाचा कंपोनंट करतानाच त्याचे अक्ष भिंतीला समांतर ठेवावेत. मग फरशी आपोआप भिंतीसोबत वळते आणि पिनांना हात लावण्याची वेळ येत नाही.


आडनळ, मिरज

मी थ्रीडीएस मॅक्स आणि ब्लेंडर वापरतो, तेव्हा त्या बाजूचेही सांगतो. तत्त्व तेच आहे: मोजणी कोणत्या बिंदूपासून होते, ते पाहायचे. मॅक्समध्ये सर्व भिंती एकत्र निवडून एकच यूव्हीडब्ल्यू मॅप (चित्राची मांडणी ठरवणारा मॉडिफायर) द्यावा, प्रकार बॉक्स ठेवावा, लांबी-रुंदी-उंची तिन्ही 1500 मिमी द्यावी आणि 'यूज पिव्हट पॉइंट्स' बंद असल्याची खात्री करावी, म्हणजे सगळ्यांचा गिझ्मो (मांडणीची चौकट) एकच राहतो. वळलेल्या भागाला स्वतंत्र गिझ्मो देऊन तो 30 अंशांत फिरवावा. एखादी भिंत स्केल टूलने ताणलेली असेल तर आधी रीसेट एक्सफॉर्म करावे (ताणलेले माप मूळ धरावे), नाहीतर आकडे बरोबर असूनही चित्र ताणलेले दिसते.

ब्लेंडरमध्ये ताणलेल्या भिंतीला कंट्रोल ए दाबून स्केल अप्लाय करणे, हे त्याचेच भावंड. तिथे टेक्स्चर कोऑर्डिनेटमध्ये 'ऑब्जेक्ट' निवडून एक रिकामा एम्प्टी (नुसता खुणेचा बिंदू) दिला आणि इमेज टेक्स्चर बॉक्सवर ठेवले की सगळ्या भिंती त्या एम्प्टीपासून मोजतात. एम्प्टी हलवला की सगळे थर एकदम हलतात. मालकांसमोर बसून दोन सेंटिमीटर वर-खाली करून दाखवण्यासाठी ही फार चांगली सोय आहे.


कृष्णाकाठ, सांगली

आडनळ, धन्यवाद. एक नवीनच गोष्ट लक्षात आली आहे. ल्युमियनमध्ये कॅमेरा फिरवताना कंपाउंडच्या भिंतीवरील टेक्स्चर थरथरते. बंगल्यावर तसे होत नाही. कंपाउंड मोजणीदारांकडून आलेल्या सर्व्हेच्या फाइलवरून काढले आहे.


आडनळ, मिरज

सर्व्हेच्या फाइलमधील आकडे पाहावेत. ईस्टिंग (पूर्वेकडील अंतर) साडेचार लाखांच्या आणि नॉर्दिंग (उत्तरेकडील अंतर) साडेअठरा लाखांच्या घरात असतील तर फाइल यूटीएम या जागतिक नकाशा-जाळ्याच्या 43 व्या झोनमध्ये आहे. सांगली त्या जाळ्यात तिथेच येते. याचा अर्थ आपले कंपाउंड मॉडेलच्या शून्यापासून अठराशे किलोमीटरहून अधिक दूर उभे आहे.

ग्राफिक्स कार्डवरील गणित बहुधा 32 बिटांच्या आकड्यांत चालते. त्यात अठरा लाख साठ हजार मीटरच्या आसपास दोन शेजारच्या आकड्यांमधील अंतर 12.5 सेंटिमीटर असते. त्यापेक्षा बारीक जागा त्या आकड्यांत लिहिताच येत नाही, म्हणून कोपरे आणि टेक्स्चर कधी या आकड्याला तर कधी त्या आकड्याला चिकटतात आणि आपल्याला थरथर दिसते. सर्व्हेची रेखाकृती स्केचअपमध्ये आणण्यापूर्वीच कॅडमध्ये हद्दीचा एक कोपरा शून्यावर सरकवावा आणि किती सरकवले ते नकाशावर लिहून ठेवावे, म्हणजे परत खऱ्या जागी नेता येते.

शून्याजवळ आणूनही थरथर राहिली, तर एकाच जागी दोन फेस एकमेकांवर बसलेले आहेत काय ते पाहावे. तो आजार वेगळा आहे, लक्षण मात्र सारखेच दिसते.


कृष्णाकाठ, सांगली

आकडे तसेच आहेत. हद्द शून्यावर आणली, थरथर गेली. स्वतःचे चित्र वापरावे असे वर सुचवले आहे, तर ते कसे तयार करावे? आमच्याकडे दगडाचे नमुने आले आहेत.


रेघोटी, वाई

नमुन्याचे दगड जमिनीवर खऱ्या दरजेसह मांडावेत, शेजारी मीटरपट्टी ठेवावी आणि ढगाळ दिवशी बरोबर वरून छायाचित्र घ्यावे. उन्हातील चित्रात एका बाजूची सावली कायमची छापली जाते आणि रेंडरमधील सूर्य दुसरीकडे असला की दगड खोटा दिसतो. फोन जवळ न नेता दूर उभे राहून झूम केल्यास कडा कमी वाकतात. मग जिम्प या चित्र-संपादकातील ऑफसेटने चित्र निम्म्याने सरकवावे. कडा मध्यभागी येतात आणि जिथे जोड दिसतो तिथे क्लोनने मिटवता येतो. चित्राची कड नेहमी दरजेच्या मध्यावर कापावी, दगडात कापू नये. ठळक डाग असलेला दगडही काढून टाकावा, कारण तो दर दीड मीटरवर पुन्हा भेटतो आणि मग नजर तिथेच जाते.

बंप किंवा नॉर्मलचे (उंचसखलपणा भासवणारे) चित्र याच चित्रावरून, याच मापाचे करावे. एन्स्केपसारख्या रेंडररमध्ये बंपला वेगळे माप देता येते. ते चुकून दिले गेले की दरजेची सावली दगडाच्या पोटात पडते. आणि सांधे आत न जाता फुगून वर आल्यासारखे दिसले तर नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनल उलटा आहे, असे समजावे.


उभाआडवा, कराड

चाफ्याचा सल्ला मागे घेतो. एक खराखुरा प्रश्न विचारतो. कोपऱ्यावर दगड वळवून दाखवला आहे. साइटवर तो कसा बसणार आहे? दोन्ही दगड 45 अंशांत घासून जोडणार असतील तर टेक्स्चर वळवलेले योग्य आहे. एकावर एक चढवून बसवणार असतील तर एकच दगड दोन्ही बाजूंना वळलेला कधीच दिसणार नाही.


कृष्णाकाठ, सांगली

आत्ताच ठेकेदारांशी बोललो. पाषाण 30 मिमीचा आहे, घासताना कडा तुटतात, म्हणून एक थर या बाजूने आणि पुढचा थर त्या बाजूने पुढे काढून बसवणार आहेत.


जांभादगड, सातारा

तर मग काटकोनी कोपऱ्यावरचे वळवणे काढून टाकावे. थरांची उंची जुळलेली आहे, तेवढीच तिथे हवी होती. दोन्ही भिंतींवर फेस उघडून लाल पिनेने उभा सांधा कोपऱ्याच्या कडेवर आणावा, म्हणजे कडेला पूर्ण दगड येतो. लांबून काढलेल्या दृश्याला एवढे पुरेल. पोर्चचे जवळचे दृश्य काढणार असाल तर कडेलगत 30 मिमीची उभी पट्टी आखून ती 150-150 मिमीवर तोडावी आणि एकाआड एक तुकड्यावर दगडाच्या कापलेल्या बाजूचे साधे, दरज नसलेले मटेरियल लावावे; शेजारच्या भिंतीवर तेच तुकडे एक थर सोडून घ्यावेत. गोल बाल्कनीवरील सलग टेक्स्चर तसेच राहू द्यावे, मात्र सरळ 600 मिमीचा दगड 1.2 मीटरच्या गोलाईवर बसत नाही, तेव्हा तिथे किती लांबीचे तुकडे कापणार आहेत ते ठेकेदारांना आजच विचारून घ्यावे आणि बाल्कनीपुरते वेगळे मटेरियल त्या लांबीचे करावे.


कृष्णाकाठ, सांगली

विचारले. 200 मिमीचे तुकडे कापणार आहेत. बाल्कनीचे मटेरियल वेगळे करतो आणि पट्ट्या बाराऐवजी नऊ ठेवतो, म्हणजे प्रत्येक पट्टी सुमारे 209 मिमीची होईल आणि दरजेसकट एका पट्टीवर एक तुकडा बसेल.